परदेशात स्पॅनिश शिका, आपल्या माणसांसाठी

गोष्ट जानेवारी १९८० मधली. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं गेलं. कुटुंब मूळचं क्युबाचं, घरात स्पॅनिश बोलणारं. मुलाला काय झालं हे सांगताना घरच्यांनी एक शब्द वापरला, 'इंतोक्सिकादो'. क्युबाच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं. ऐकणाऱ्यांना तो इंग्रजीतल्या 'इंटॉक्सिकेटेड'सारखा वाटला, म्हणजे नशेत असलेला. मुलाने अमली पदार्थ घेतले असावेत असं समजून उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. ते लक्षात येईपर्यंत दोन दिवस उलटून गेले होते. त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे दावा झाला आणि त्याच्या आयुष्यभराच्या देखभालीसाठी सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरली.

त्या रात्री प्रशिक्षित दुभाष्याला कुणी बोलावलंच नाही. कारण दोन्ही बाजूंना वाटत होतं, आपल्याला समोरच्याचं पुरेसं कळतंय.

तुम्ही इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेंगळुरूत राहत असाल, तर ही गोष्ट तुम्हाला फार लांबची वाटणार नाही. आजीला दवाखान्यात नेलेलं असतं. ती म्हणते, ''पोटात कळ येते, पाठीत चमक भरते आणि जीव कसनुसा होतोय.'' आता हे दुसऱ्या भाषेत डॉक्टरांना कसं सांगणार? कळ, ठणका, चमक, सणक हे सगळं 'पेन' या एका शब्दात कोंबावं लागतं. डॉक्टर हुशार असतात, आजी स्पष्ट बोलत असते, तरी मधल्या मध्ये काहीतरी सांडतंच.

अमेरिकेत हा प्रसंग रोज घडतो. तिथे ४ कोटींहून अधिक लोक घरात स्पॅनिश बोलतात. त्यातल्या अनेकांना इंग्रजी चांगलं येतं, पण सगळ्यांना नाही. म्हणूनच परिचारिका, शिक्षक, समाजसेवक किंवा वकील होऊ पाहणारी तिथली मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या देशात जाऊन भाषा शिकतात आणि परत येऊन आपल्याच गावात, आपल्याच वस्तीत ती वापरतात. यासाठी शिष्यवृत्त्याही आहेत. तुमचा भाचा, पुतणी, नात किंवा मैत्रिणीची मुलगी तिकडे शिकत असेल, तर हा लेख तिला जरूर पाठवा. आणि तुम्ही भारतात असाल, तर शेवटचा भाग खास तुमच्यासाठी आहे.

शिष्यवृत्त्या कोणत्या?

सर्वात आधी नाव घ्यावं लागेल ते बेंजामिन गिलमन आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्तीचं. अमेरिकी सरकारची ही योजना २००१ पासून सुरू आहे. पदवीचं शिक्षण घेणाऱ्या अमेरिकी नागरिकांसाठी ती आहे, पण त्यातही एक अट आहे. विद्यार्थ्याला 'पेल ग्रँट' ही कमी उत्पन्न गटासाठीची सरकारी मदत मिळत असली पाहिजे. म्हणजे ज्यांच्या घरी परदेशवारीचा विचारही परवडत नाही, त्यांच्यासाठीच ही वाट काढलेली आहे. ५,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते.

या योजनेतली सर्वात महत्त्वाची गोष्ट पैशांची नाहीच. परतल्यावर विद्यार्थ्याला आपल्या कॉलेजात किंवा वस्तीत एक उपक्रम करावा लागतो. आपण जे शिकलो ते इतरांपर्यंत पोहोचवायचं. हा उपक्रम कसा करणार, हे अर्ज भरतानाच लिहून द्यावं लागतं. थोडक्यात, जाण्याआधीच परत येण्याचा हिशोब मांडावा लागतो.

दुसरी योजना फुलब्राइट. १९४६ साली सुरू झालेली ही योजना आपल्याकडे 'फुलब्राइट-नेहरू' या नावाने माहीत आहे, पण ती भारतीयांना अमेरिकेत नेणारी. इथे आपण बोलतोय ती उलट दिशेची. पदवीधर अमेरिकी तरुण स्पेन, मेक्सिको, कोलंबिया अशा देशांत संशोधनासाठी, पुढच्या शिक्षणासाठी किंवा शाळेत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जातात. शाळेत दिवसा इंग्रजी शिकवायचं आणि संध्याकाळी भाजीवाल्याशी, घरमालकिणीशी स्पॅनिश बोलायचं. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना याहून चांगली तालीम मिळणं कठीण.

तिसरी योजना रोटरीची. जुन्या काळी, १९४७ पासून, रोटरी परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना 'सदिच्छा दूत' म्हणून पाठवत असे. आता त्याची जागा 'ग्लोबल ग्रँट' शिष्यवृत्तीने घेतली आहे. ही पदव्युत्तर शिक्षणासाठी असते आणि तिची रक्कम किमान ३०,००० डॉलर असते. मात्र निव्वळ भाषा शिकायला हे पैसे मिळत नाहीत. रोगप्रतिबंध, माता-बाल आरोग्य, मूलभूत शिक्षण, पाणी व स्वच्छता अशा ठरलेल्या सात क्षेत्रांपैकी एकात शिक्षण घ्यावं लागतं. स्पॅनिश माध्यमाच्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्याला भाषा आणि विषय दोन्ही मिळतात. रोटरी भारतातही गावोगावी आहे, त्यामुळे आपल्याकडचे विद्यार्थीही स्थानिक क्लबमार्फत चौकशी करू शकतात.

याशिवाय बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत 'स्टडी अब्रॉड' कार्यालय असतं. तिथे छोट्या छोट्या शिष्यवृत्त्यांची माहिती मिळते. अनेकदा विद्यार्थी मोठ्या नावांच्या मागे लागतात आणि आपल्याच कॉलेजातल्या निधीला अर्जच करत नाहीत. तुम्ही ही चूक करू नका. रकमा, तारखा आणि अटी दरवर्षी बदलू शकतात, म्हणून मूळ संकेतस्थळ पाहूनच अर्ज भरा.

देश कसा निवडायचा?

'स्पॅनिश शिकायचं म्हणजे स्पेनला जायचं', असं पटकन वाटतं. सालामांकासारखं १२१८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, जुन्या दगडी इमारती, फोटोही सुंदर येतात. पण थांबा आणि विचार करा, परतल्यावर तुम्ही कोणाशी बोलणार आहात?

अमेरिकेत स्पॅनिश भाषकांमध्ये सर्वात मोठा गट मेक्सिकन मुळाच्या लोकांचा आहे. मायामीत क्युबाचे लोक भेटतील, तर न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातून आलेले. आपल्याकडे कोल्हापूरची, नागपूरची आणि तंजावरची मराठी जशी वेगळी, तशीच स्पॅनिशही. साधा 'ग्वाग्वा' हा शब्द घ्या. क्युबात तो बससाठी वापरतात आणि चिलीत तान्ह्या बाळासाठी! स्पेनमध्ये मित्रमंडळींना उद्देशून 'तुम्ही सगळे' म्हणताना 'बोसोत्रोस' म्हणतात. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी 'उस्तेदेस' चालतं. पाया एकच असला तरी वेदना, नातं, लाज, भीती यांचे शब्द बोलीतूनच येतात.

म्हणून आधी वस्ती पाहा, मग देश निवडा. शेजारी मेक्सिकोचे असतील, तर मेक्सिको. ग्वातेमालाचे असतील, तर ग्वातेमाला. तिथल्या आंतिग्वा आणि केत्साल्तेनांगो या शहरांत स्पॅनिशच्या अनेक लहान शाळा आहेत. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक आणि राहायला एखाद्या कुटुंबात जागा, अशी तिथली पद्धत आहे. जेवणाच्या टेबलावर इंग्रजी बोलणारं कुणी नसतं, त्यामुळे 'मीठ द्या' म्हणायलासुद्धा स्पॅनिश लागते. खर्चही युरोपपेक्षा बराच कमी येतो.

ग्वातेमालात गेल्यावर आणखी एक धडा मिळतो. त्या देशात माया कुळातल्या २२ भाषा बोलल्या जातात. तिथल्या अनेकांची मातृभाषा किचे, माम किंवा काक्चिकेल असते आणि स्पॅनिश ही त्यांनी शाळेत किंवा बाजारात शिकलेली दुसरी भाषा. अमेरिकेत आल्यावर कार्यालयातला माणूस त्यांच्याशी स्पॅनिश बोलतो आणि ते मान डोलावतात. सगळं समजलं म्हणून नव्हे, संकोचाने. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलंय, तो परतल्यावर समोरच्याला आधी विचारेल, ''तुम्हाला कोणत्या भाषेत बोलणं सोपं जाईल?'' अनेकदा हा एक प्रश्न सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मराठी माणसाला स्पॅनिश जड जाते का?

मुळीच नाही, उलट काही बाबतीत सोपी जाते. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत मुलं शाळेत स्पॅनिश हा विषय घेतात. आईवडिलांना वाटतं, ही भाषा आपल्याला परकी, मुलाला मदत कशी करणार? पण जरा हे बघा.

स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला 'तू' म्हणतात. होय, अगदी आपलाच 'तू'! आणि मान द्यायचा असेल तर 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे आपलं 'तुम्ही' किंवा 'आपण'. इंग्रजी माध्यमात वाढलेल्या मुलाला हा फरक शिकवावा लागतो. मराठी घरात वाढलेल्या मुलाला तो आजीने कधीच शिकवलेला असतो.

'मला आवडतं' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता'. इंग्रजीत 'मी आवडतो' अशा धाटणीचं वाक्य होतं, स्पॅनिशमध्ये मात्र मराठीसारखंच 'मला'. डोकं दुखत असेल तर 'मे दुएले ला काबेसा', म्हणजे शब्दशः 'मला दुखतं डोकं'. नामांना लिंग असतं, क्रियापदावरूनच कर्ता कळतो, 'त' हा उच्चार आपल्या 'त'सारखाच दाताला जीभ लावून करायचा. एवढी शिदोरी आपल्याजवळ आधीपासून आहे.

अर्थात मेहनत लागतेच. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज असा की, इंग्रजी भाषकाला कामापुरती चांगली स्पॅनिश येण्यासाठी वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या सहा आठवड्यांत तेवढे तास भरत नाहीत. म्हणून जाण्याआधी वर्षभर पाया घाला. परदेशात फुलं वेचायची असतील, तर रोप इथेच लावलेलं असावं.

अर्जात काय लिहायचं?

बहुतेक अर्ज इथेच मार खातात. विद्यार्थी लिहितात, 'मला लहानपणापासून प्रवासाची आवड आहे. स्पेनची संस्कृती मला खुणावते. या अनुभवाने माझं व्यक्तिमत्त्व घडेल.' यात खोटं काही नाही, पण असेच शेकडो अर्ज निवड समितीसमोर असतात. आणि प्रत्येकात 'मी, माझं, मला' एवढंच.

आता दुसरा अर्ज पाहा. समजा, नर्सिंग शिकणारी एक मुलगी लिहिते, 'मी दर शनिवारी आमच्या भागातल्या मोफत दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. येणाऱ्यांत स्पॅनिश बोलणाऱ्या आया खूप असतात. त्यांच्यासोबत आलेली आठ-नऊ वर्षांची मुलं आईचं दुखणं इंग्रजीत सांगतात. मागच्या महिन्यात एका मुलाला आईच्या गर्भपाताबद्दल विचारावं लागलं आणि तो गप्प झाला. त्या मुलाच्या जागी मला उभं राहायचं आहे.'

या मुलीने परदेशाबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही, तरी तिने का जायचं हे आपल्याला कळतं. चांगला अर्ज हा परदेशाबद्दल नसतो, घराबद्दल असतो. लिहिताना पुढील गोष्टी लक्षात ठेवा:

• आधी मोजा. महिनाभर वहीत नोंद ठेवा, तुमच्या दवाखान्यात, शाळेत किंवा ग्रंथालयात भाषेमुळे किती जणांचं काम अडलं. तुमची स्वतःची छोटी नोंद मोठ्या आकड्यांपेक्षा बोलकी ठरते.

• आधी विचारा. ज्यांची सेवा करायची आहे, त्यांनाच विचारा की त्यांना काय हवंय. तुम्हाला वाटेल इंग्रजीचे वर्ग हवेत, त्यांना कदाचित शाळेतून आलेली पत्रं वाचून दाखवणारं कुणी हवं असेल.

• छोटं वचन द्या. 'समाजात परिवर्तन घडवीन' यापेक्षा 'दर शनिवारी तीन तास बसेन' हे जास्त खरं वाटतं आणि पाळताही येतं.

• संस्थेचं पत्र जोडा. परतल्यावर तुम्हाला काम करू देऊ, असं दवाखान्याने किंवा शाळेने लिहून दिलं तर अर्जाचं वजन वाढतं.

• खर्च प्रामाणिकपणे मांडा. विमान, विमा, राहणं, पुस्तकं आणि तुम्ही तिकडे असताना बुडणारी अर्धवेळ नोकरीची कमाईसुद्धा.

शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा, परत आल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता मी कुठे असेन? उत्तर स्पष्ट असेल, तर अर्ज अर्धा लिहून झालाच म्हणून समजा.

परतल्यावर सर्वात मोठा धोका

धोका आहे तो अर्धवट ज्ञानाचा. चार महिने राहून आलेल्या मुलाला वाटतं, आपल्याला सगळं येतं. सुरुवातीच्या गोष्टीतला 'इंतोक्सिकादो' आठवा. असे फसवे शब्द खूप आहेत. 'एम्बारासादा' ऐकून इंग्रजी भाषकाला वाटतं बाई लाजलीय, पण ती सांगत असते की ती गरोदर आहे. उलट दिशेनेही तेच घडतं. औषधाच्या डबीवर इंग्रजीत 'वन्स' लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसातून एकदा. तीच अक्षरं स्पॅनिशमध्ये 'ओन्से' अशी वाचतात आणि त्याचा अर्थ होतो अकरा. एक गोळी की अकरा गोळ्या, हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून गप्पा मारायची स्पॅनिश वेगळी आणि दुभाष्याचं काम वेगळं, हे पक्कं ध्यानात ठेवा. अमेरिकेत वैद्यकीय दुभाष्यांसाठी राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा आहेत. परीक्षेला बसण्याआधी किमान ४० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तोपर्यंत तुम्ही स्वागत करा, अर्ज भरायला मदत करा, रस्ता दाखवा, धीर द्या. निदान आणि औषधांचं बोलणं मात्र प्रशिक्षित माणसावर सोपवा. 'मला हे नीट कळलं नाही, आपण दुभाषी बोलावू,' असं म्हणता येणं हीसुद्धा सेवाच आहे.

अमेरिकेतली परिस्थितीही बदलते आहे. इंग्रजी न येणाऱ्यांनाही सरकारी सेवा नीट मिळाव्यात, असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश २००० साली निघाला होता. मार्च २०२५ मध्ये नव्या आदेशाने इंग्रजीला अधिकृत भाषा घोषित केलं आणि जुना आदेश रद्द केला. १९६४ चा नागरी हक्क कायदा अजून जागेवर आहे. तरी कागदावरचा आधार जितका पातळ होईल, तितकी टेबलापलीकडे बसलेल्या, भाषा जाणणाऱ्या माणसाची गरज वाढेल.

भारतात असाल तर?

आपल्याकडे स्पॅनिशचा आणि गावातल्या माणसांच्या सेवेचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. त्याचं एक उदाहरण तर मनमाडपासून सुरू होतं.

बार्सिलोनात १९२० साली जन्मलेले व्हिसेंते फेरर १९५२ मध्ये भारतात आले आणि मनमाड परिसरात शेतकऱ्यांसोबत काम करू लागले. १९६८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. पुढच्याच वर्षी ते परतले आणि आंध्र प्रदेशातल्या दुष्काळी अनंतपूर जिल्ह्यात त्यांनी काम उभं केलं. २००९ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्या संस्थेच्या शाळा, रुग्णालयं आणि घरांसाठी मोठा निधी स्पेनमधल्या सामान्य कुटुंबांकडून येतो. ही कुटुंबं गावातल्या मुलांना पत्रं लिहितात आणि मुलं तेलुगूत उत्तर देतात. मधला दुवा असतात स्पॅनिश शिकलेले स्थानिक तरुण. संस्थेने ग्रामीण मुलांसाठी परदेशी भाषांचं विद्यालयही सुरू केलं. शेतकऱ्याच्या घरातलं मूल स्पॅनिश शिकतं आणि त्याच्याच जिल्ह्याची गोष्ट माद्रिदच्या स्वयंपाकघरात पोहोचते.

तुम्हालाही सुरुवात करायची असेल, तर दिल्लीत स्पेन सरकारची 'इन्स्तितुतो सेर्व्हांतेस' ही संस्था आहे. तिची 'डेले' परीक्षा ए१ पासून सी२ पर्यंत सहा पातळ्यांवर होते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पुण्यातलं सावित्रीबाई फुले विद्यापीठ, दिल्लीतलं जेएनयू आणि हैदराबादचं इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ इथे स्पॅनिशचं शिक्षण मिळतं. मेक्सिको सरकारच्या शिष्यवृत्त्यांसाठी भारतीय विद्यार्थीही अर्ज करू शकतात. परदेशी सरकारांच्या अशा शिष्यवृत्त्यांच्या सूचना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येतात, अधूनमधून तिथे नजर टाका.

आणि कदाचित तुमच्या वस्तीला स्पॅनिश नकोच असेल. तुमच्या गल्लीत बांधकामावर आलेल्या कुटुंबाची भाषा ओडिया असेल, सोसायटीच्या वॉचमनची नेपाळी असेल. त्यासाठी ना शिष्यवृत्ती लागते, ना पासपोर्ट. त्यांच्या मुलाला ताप आला आणि दवाखान्यात त्यांचं कुणालाच कळेना, तर तुम्ही काय कराल? आजच त्यांच्याकडून दहा शब्द शिकून घ्या. सुरुवात 'कुठे दुखतंय?' या प्रश्नापासून करा.